संतांच्या अवशेषांची सत्यता कशी ठरते? जुन्या गोव्यातील राणी केतेवान यांच्या अस्थींचा दाखला

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जॉर्जियाच्या दौऱ्यात संत राणी केतेवान यांच्या पवित्र अवशेषांचा एक भाग त्या देशाला भेट म्हणून सुपूर्द केला. जॉर्जियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजासाठी हा भावनिक क्षण होता. मात्र सुमारे चार शतकांपूर्वी इराणमध्ये मृत्यू पावलेल्या राणीची अस्थी गोव्यातील भग्न मठात सापडली, आणि ती तिचीच आहे असे मानले गेले, ते कशाच्या आधारावर? ख्रिस्ती संतांच्या अवशेषांच्या सत्यतेविषयी जगभर शतकानुशतके चाललेल्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

केतेवान या पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याच्या राणी होत्या. इराणचा शाह पहिला अब्बास याने त्यांना शिराझ येथे अनेक वर्षे कैदेत ठेवले. इस्लामचा स्वीकार करण्यास त्यांनी नकार दिल्याने सप्टेंबर १६२४ मध्ये त्यांचा छळ करून त्यांना ठार मारण्यात आले. त्या काळी शिराझमध्ये वास्तव्यास असलेल्या पोर्तुगीज अगस्तिनियन धर्मगुरूंनी त्यांचे अवशेष गुप्तपणे मिळवले. त्यातील काही भाग जॉर्जियाला, तर काही भाग १६२७ मध्ये गोव्याला नेण्यात आला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन मठसंकुलात, धर्मगुरूंच्या सभेसाठी असलेल्या प्रार्थनाकक्षाच्या खिडकीत, एका दगडी पेटीत हे अवशेष ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आढळते.

पुढे या मठाचेच दिवस फिरले. पोर्तुगीज सत्तेने धार्मिक संघांवर बंदी आणल्यानंतर १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज पर्यटकांना दिसतो तो त्या मनोऱ्याचा उरलेला भाग होय. ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या अस्थींचा शोध घेण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथके गोव्यात येत राहिली. परंतु नोंदीतील खिडकी नेमकी कोणती, हेच निश्चित होत नव्हते. अखेर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मठाचा आराखडा आणि जुन्या नोंदी यांची सांगड घालून केलेल्या उत्खननात २००४ मध्ये एक लांब हाड मिळाले. त्याखेरीज संकुलातील इतर अस्थीही तपासणीसाठी घेण्यात आल्या.

हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने (सीसीएमबी) या अस्थींतील मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे विश्लेषण केले. हा डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येत असल्याने त्यावरून मातृवंशाचा माग काढता येतो. त्या लांब हाडात ‘यू१बी’ हा वंशगट आढळला. भारतीय उपखंडातील सुमारे २२ हजार व्यक्तींच्या नमुन्यांत हा गट सापडला नव्हता. जॉर्जियातील ३० नमुन्यांपैकी दोघांत मात्र तो आढळला. तपासलेल्या इतर अस्थींचे वंशगट भारतात आढळणारे होते.

या संशोधनाचा निबंध ‘मायटोकॉन्ड्रियन’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. हे हाड केतेवान यांचे ‘बहुधा’ असावे, असे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. मातृवंशाचा एकच गट हजारो व्यक्तींमध्ये समान असू शकतो. त्यामुळे डीएनए अहवालाने हाड कॉकेशस परिसरातील वंशाशी जोडले, पण व्यक्तीचे नाव सांगितले नाही. नाव मिळाले ते कागदपत्रांतून, आणि नेमकी जागा मिळाली ती उत्खननातून. गोव्यातील मठात, नोंदीत सांगितलेल्या ठिकाणी, जॉर्जियात आढळणाऱ्या मातृवंशाचे हाड मिळावे, हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता फार कमी आहे. तीन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला निर्देश करतात, यात या निष्कर्षाचे बळ आहे.

अवशेषांविषयीची शंका ही आधुनिक विज्ञानाची देणगी नाही. मध्ययुगीन युरोपात संतांच्या अस्थींना मोठी मागणी होती आणि तिच्यासोबत बनावट अवशेषांचा व्यापारही फोफावला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने अवशेष विक्रीसाठी मांडण्यास मनाई केली आणि पोपच्या मान्यतेविना नव्या अवशेषांची उपासना करू नये, असे ठरवले. धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी १५४३ मध्ये अवशेषांच्या अतिरेकावर उपहासात्मक ग्रंथ लिहिला. १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेने नवे अवशेष स्वीकारण्यापूर्वी बिशपची संमती बंधनकारक केली. व्हॅटिकनने २०१७ मध्ये अवशेषांची सत्यता व जतन यांविषयी नव्या सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार सत्यतेचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. चर्चच्या कायद्यात अवशेषांची विक्री आजही पूर्णतः निषिद्ध आहे.

विज्ञानाची धार सर्वाधिक जाणवते ती दावा खोडून काढताना. इटलीतील तुरिन येथील कफनाचे वस्त्र येशू ख्रिस्ताचे असल्याची अनेकांची श्रद्धा आहे. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना येथील प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत त्या कापडाचा काळ इ.स. १२६० ते १३९० असा निघाला. नमुना कापडाच्या नंतर दुरुस्त केलेल्या भागातून घेतला गेला असावा, असा आक्षेप नंतर घेण्यात आला आणि वाद धुमसत राहिला. चर्चने या वस्त्राच्या सत्यतेबाबत अधिकृत निर्वाळा दिलेला नाही. जोन ऑफ आर्क यांचे म्हणून फ्रान्समध्ये जपलेले अवशेष प्रत्यक्षात इजिप्तमधील ममीचे असल्याचे २००७ मध्ये स्पष्ट झाले. ही दोन्ही उदाहरणे एक फरक दाखवतात: काळ जुळत नसेल तर एक चाचणी दावा मोडू शकते, काळ जुळला तरी तेवढ्याने दावा सिद्ध होत नाही.

हा फरक लक्षात न घेता केलेली मागणी सामाजिक तणावाचे कारण ठरू शकते. जुन्या गोव्यातच, बॉम जेझस बॅसिलिकात, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव चांदीच्या पेटीत जतन केलेले आहे. त्याची डीएनए चाचणी करावी, या वक्तव्यावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यात तीव्र निदर्शने झाली आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. झेवियर यांचे निधन १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर झाले. तेथून मलाक्कामार्गे त्यांचे पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले. १६१४ मध्ये त्यांच्या उजव्या हाताचा भाग रोमला पाठवण्यात आला. डीएनए चाचणीला तुलनेसाठी ओळख पटलेला नमुना लागतो. रोममधील हाताशी तुलना केली, तर दोन्ही अवशेष एकाच देहाचे आहेत एवढेच कळेल. तो देह कोणाचा, हे कळणार नाही. त्यासाठी पुन्हा कागदोपत्री परंपरेकडेच वळावे लागेल.

केतेवान यांच्या बाबतीत जॉर्जियाचे चर्च, पुरातत्त्वज्ञ आणि अनुवंशशास्त्रज्ञ यांनी एकमेकांच्या क्षेत्रात हस्तक्षेप केला नाही, तर एकमेकांच्या पुराव्यांना पूरक ठरले. हाडाचा वंशगट प्रयोगशाळेने सांगितला, त्याचे स्थान उत्खननाने निश्चित केले आणि नाव जुन्या कागदाने दिले. ते हाड वंदनीय का मानावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही चाचणीच्या कक्षेत येत नाही. त्याचे उत्तर श्रद्धावानांनी आपल्यापाशीच ठेवले आहे.