सातला एक ठिपका

'व्हॅम्पायर : द मास्करेड' या खेळात आपलं पात्र कागदावर उभं करायला तासभर तरी जातो. कुळ निवडायचं, शरीर-बुद्धीच्या रकान्यांतले ठिपके काळे करायचे, कौशल्यांचे करायचे, रक्तपिपासू म्हणून अंगी आलेल्या विद्यांचे तीन ठिपके कुठे द्यायचे ते ठरवायचं. सगळं भरून झालं की खेळ चालवणारा सूत्रधार म्हणतो, "आता तुझे वरचे पंधरा." भाजी मोजून झाल्यावर पिशवीत वरून कोथिंबीर पडावी, तसे हे पंधरा गुण. इंग्रजीत त्यांचं नावही 'फ्रीबी', म्हणजे फुकटचे.

फुकटचे खरे, पण ते खर्चायचे असतात, आणि त्यासाठी खेळाच्या पुस्तकात भावफलक दिलेला असतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांतला भाव असा : ओळखीपाळखी किंवा पैशाअडक्याचा एक ठिपका १ गुणाला, इच्छाशक्तीचा १ गुणाला, माणुसकीचाही १ गुणालाच. कौशल्याचा ठिपका २ गुणांना, ताकद किंवा बुद्धी यांसारख्या मूळ क्षमतेचा ५ गुणांना. आणि अलौकिक विद्येचा, म्हणजे नजरेनं दुसऱ्याला हुकूम सोडण्याचा किंवा डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगानं हालचाल करण्याचा, एक ठिपका ७ गुणांना.

पंधरातले सात, म्हणजे जवळजवळ निम्मे. मला हा सात फार विचारपूर्वक ठरवलेला आकडा वाटतो. तो इथवर कसा पोचला, याची कथा वीसएक वर्षांची आहे.

तिची सुरुवात फाशांपासून होते, आणि फाशांच्याही आधी थोडा हिशेब होता. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले. पटावर शिशाचे छोटे सैनिक मांडून खेळायचा हा खेळ. त्याच्या शेवटी अद्भुताची एक पुरवणी होती, आणि तिथे मांत्रिक, ड्रॅगन, वीर यांना गुणांमध्ये किंमत लावलेली होती. दोन्ही बाजूंची सैन्यं तुल्यबळ व्हावीत, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणजे अलौकिकाला भाव लावायची कल्पना या घराण्यात पहिल्यापासून होती, फक्त ती फौजेसाठी होती. एका माणसाच्या घडणीसाठी तिचा विचार कुणी केला नव्हता.

१९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि ज्याला आपण आज रोल-प्लेइंग गेम म्हणतो तो प्रकार जन्माला आला. त्यात पात्राची क्षमता ठरवायची ती सहा बाजूंचे तीन फासे टाकून. सहा क्षमता, सहा वेळा फासे, पडेल ते दान आपलं. अलौकिक शक्तीही तशीच, नशिबात असेल तर. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मनोबलानं वस्तू हलवणं, दुसऱ्याचं मन वाचणं अशा शक्तींचं एक परिशिष्ट होतं. ती मिळवायला आधी बुद्धी, शहाणपण किंवा व्यक्तिमत्त्व यांतलं एक तरी सोळा किंवा त्यावर हवं. मग शंभरांतला फासा टाकायचा, आणि तो लागण्याची मूळ शक्यता एक टक्का. ज्याचं दान आधीच चांगलं पडलं होतं त्यालाच आणखी एक दान. ज्याला काही मिळालं नाही त्यानं काही गमावलंही नव्हतं, आणि ज्याला मिळालं त्यानं काही मोजलं नव्हतं. इथे एक गोष्ट हुकते असं मला वाटतं. आपल्याला शाप आणि वरदान यांच्या गोष्टी ऐकायची सवय आहे, आणि त्या गोष्टींत वर मागणाऱ्याला आधी तप करावं लागतं. फाशानं मिळालेल्या शक्तीमागे तसं काहीच उभं नसतं.

फासा बाजूला ठेवण्याचं पहिलं ठसठशीत उदाहरण १९७७ सालचं. टेक्ससच्या स्टीव्ह जॅक्सन यांनी 'मेले' नावाचा द्वंद्वयुद्धाचा खिशात मावेल एवढा खेळ काढला. ताकद आणि चपळाई, प्रत्येकी आठपासून सुरुवात, आणि वर आठ गुण हवे तसे वाटायला. एवढंच. पण त्या आठ गुणांनी खेळणाऱ्याला पहिल्यांदा पेचात टाकलं. ताकद घेतली तर जड तलवार पेलते, पण वार चुकतो. चपळाई घेतली तर वार लागतो, पण एका फटक्यात आडवं व्हायची पाळी येते. पुढच्या वर्षी आलेल्या 'विझर्ड'मध्ये बुद्धी हा तिसरा रकाना जोडला गेला. बुद्धी जितकी, तितके मंत्र येणार, आणि मंत्र टाकला की खर्च होणार ती ताकद. याच सुमारास डोनाल्ड सॅक्समन यांचा 'सुपरहीरो २०४४' आला. त्यात सात मूळ क्षमतांमध्ये वाटायला १४० गुण होते, पण अतिमानवी शक्तींना नेमका भाव लावण्याचं काम त्या पुस्तकानं अर्धवटच सोडलं.

ते काम १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज मॅकडॉनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी 'चॅम्पियन्स'मध्ये पुरं केलं, आणि इथे थोडं थांबायला हवं. खेळ सुपरहीरोंचा होता. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलान्टीज'मध्ये शक्ती फासे टाकूनच मिळत. 'चॅम्पियन्स'नं सुपरहीरोचा प्रत्येक अवयव किमतीच्या चिठ्ठीसकट मांडला. हातातून ऊर्जेचा झोत सोडायचा? नुकसानीच्या दर फाशाला ५ गुण. प्रत्येकाला हाती मूळ १०० गुण. ते पुरत नाहीत, आणि पुरू नयेत अशीच योजना होती. मग आणखी गुण हवे असतील तर आपल्या पात्राला अडचणी लावून घ्यायच्या : एखादा वैरी पाठीशी लागलेला, खरी ओळख लपवावी लागणं, निरपराधाला इजा न करण्याची शपथ. प्रत्येक अडचणीचे गुण मिळतात, पण एकाच प्रकारच्या अडचणी रचत गेलं तर मोबदला घटत जातो. शक्तीवरही बंधन घालता येई. ती शक्ती अंगात नसून हातातल्या अंगठीत आहे, आणि ती अंगठी शत्रू हिसकावून घेऊ शकतो, असं लिहिलं की १९८९च्या चौथ्या आवृत्तीत तिची किंमत निम्मी होई.

या हिशेबानं गोष्ट तयार होत होती, आणि ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. स्वस्तात पडते म्हणून खेळाडू अंगठी घेतो आणि सूत्रधाराला पुढच्या संध्याकाळचा प्रसंग आयता मिळतो. वैऱ्याचे गुण घेतले तर वैरी येणारच. कागदावर घेतलेली उधारी पटावर फेडायची.

जॅक्सन यांनी १९८६ साली 'गर्प्स'मध्ये हीच पद्धत कुठल्याही काळातल्या, कुठल्याही जगातल्या पात्राला लावली. नायक १०० गुणांचा, उणिवांतून फार तर ४० गुण, शिवाय पाच बारीकसारीक लकबींचे प्रत्येकी एक. मंत्रसिद्धी जन्मजात हवी असेल तर तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या पायरीचे १५ गुण मोजायचे. पुढच्या वर्षी मार्क राइन-हागेन आणि जोनाथन ट्वीट या दोन तरुणांनी 'आर्स मॅजिका' काढला. युरोपातल्या मध्ययुगीन मांत्रिकांचा हा खेळ. त्यात पात्राच्या गुणविशेषांची आणि दोषांची जोडी तराजूच्या दोन पारड्यांसारखी ठेवलेली होती.

राइन-हागेन १९९०च्या उन्हाळ्यात जेन कॉन या खेळांच्या मेळ्याला मोटारीनं निघाले असताना वाटेत इंडियाना राज्यातलं गॅरी हे शहर लागलं. पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं आणि कारखाने आटल्यावर ओसाड पडत चाललेलं शहर. तिथेच त्यांना रात्री जागणाऱ्या रक्तपिपासूंच्या खेळाचं बीज सापडलं, आणि १९९१ साली व्हाइट वुल्फ या प्रकाशनातून 'व्हॅम्पायर' बाहेर पडला.

त्यांनी केलेला बदल वरवर बारीक दिसतो. 'चॅम्पियन्स'मध्ये सगळं पात्रच गुणांच्या बाजारातून आणायचं होतं, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल आणि भागाकार लागायचा. 'व्हॅम्पायर'नं बहुतेक पात्र ठरावीक वाटपावर सोडलं. या गटाला सात ठिपके, त्या गटाला पाच, उरलेल्याला तीन. बाजार ठेवला तो फक्त शेवटच्या पंधरा गुणांपुरता. आकडेमोड करणारे आणि न करणारे, दोघेही एका टेबलाशी बसू शकले. पात्र कोण आहे हे कळल्यानंतर, अगदी शेवटी, विचारलं जातं की आता तुला आणखी काय हवं, आणि त्यासाठी काय सोडशील. पुढे आलेल्या 'वेअरवुल्फ' आणि 'मेज' या भावंडांतही पंधराचा आकडा तसाच राहिला, आणि शक्तीचा भावही सातच. लांडगामाणसाची एक देणगी ७, मांत्रिकाच्या एका क्षेत्राचा ठिपका ७. नंतरच्या पुस्तकांत साध्या मर्त्य माणसाचं पात्र करायची सोय झाली तेव्हा माणसाला वरचे गुण दिले २१. त्याच्याकडे बाकी सगळंच कमी, म्हणून हे सहा जास्त.

या रचनेत एक खोट होती, आणि ती लपवण्यासारखी नाही. खेळ सुरू झाल्यावर पात्र अनुभवाच्या गुणांनी वाढतं, आणि तिथला भाव चढता आहे. ताकदीच्या एका ठिपक्याचे दोन करायला ४ गुण, चाराचे पाच करायला १६. आपल्या कुळाची विद्या तीनवरून पाचवर न्यायची तर १५ आणि २०, मिळून ३५. एका बैठकीत जेमतेम तीन-चार अनुभवगुण हाती पडतात, तेव्हा हे काम दहा बैठकींचं. पण वरच्या पंधरांचा भाव सपाट. तेच दोन ठिपके पहिल्या संध्याकाळी १४ गुणांत. म्हणजे ज्यानं सुरुवातीला एकाच शिखरावर सगळं ओतलं त्याचा फायदा, आणि ज्यानं जीव लावून थोडं इथे थोडं तिथे वाटलं, खऱ्या माणसासारखं पात्र केलं, त्याचा तोटा. तोही न सांगता. नवख्या खेळाडूला हे कळायला महिने लागतात. मला हा अन्याय वाटतो, कारण तो नेमका गोष्टीसाठी आलेल्या माणसावर होतो.

दुरुस्त्या झाल्या. २००१च्या 'एक्झॉल्टेड'मध्ये याच गुणांना 'बोनस पॉइंट' हे नाव मिळालं आणि पात्राच्या आवडीच्या कलेतली जादू स्वस्त ठेवली गेली, म्हणजे स्वभावाला धरून खर्चणाऱ्याला सवलत. दुहेरी भाव मात्र तिथेही राहिला. २००४ साली व्हाइट वुल्फनं आपली सगळी पद्धत नव्यानं मांडली तेव्हा फुकटचे गुण काढूनच टाकले आणि पाचव्या ठिपक्याला दुप्पट किंमत लावली. २०१८च्या 'व्हॅम्पायर'च्या पाचव्या आवृत्तीतही पंधरा गुण नाहीत. तिथे नवजात रक्तपिपासूला वर काहीच नाही, थोड्या मुरलेल्याला १५ आणि जुन्याजाणत्याला ३५ अनुभवगुण, आणि भाव पुढच्या खेळातलाच. हिशेब चोख झाला.

तरी जुनी आवृत्ती काढून बसणारे गट आहेत, आणि त्यांचं कारण मला कळतं. १९९१च्याच 'प्लेयर्स गाइड'नं वरच्या गुणांना 'मेरिट' म्हणजे खुबी आणि 'फ्लॉ' म्हणजे दोष यांची जोड दिली होती. दोष घेऊन जास्तीत जास्त सात गुण कमवायचे, म्हणजे बरोबर एका विद्येच्या ठिपक्याचे. आरशात प्रतिबिंब न दिसणं हा १ गुणाचा दोष. आणि खुबींच्या यादीत, मोठमोठ्या शक्तींच्या गर्दीत, १ गुणाची एक ओळ आहे : अन्न खाता येणं. मेलेल्या शरीराला ते पचत नाही, रात्र संपण्याआधी ओकून टाकावं लागतं. फक्त चारचौघांत घास घेता येतो.

सात आणि सात चौदा. पंधरावा गुण उरतोच. पुष्कळ जण तो माणुसकीच्या नाहीतर इच्छाशक्तीच्या ठिपक्यात घालतात. पण चौदा गुण नजरेच्या हुकमतीत घालून पंधरावा या जेवणाच्या ओळीवर ठेवणारे खेळाडू मी पाहिले आहेत. सूत्रधार त्यांचा कागद वाचतो, ती ओळ आली की पेन्सिलीनं तिच्याखाली रेघ मारतो, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बैठकीत त्या पात्राच्या जिवंत आईचा घरी जेवायला ये म्हणून निरोप येतो.