उड्डाणापूर्वीची दहा मिनिटे : टँडम पॅराग्लायडिंगच्या साधनांची तयारी व तपासणी

पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून १८ जानेवारी २०२५ च्या सायंकाळी उडालेला एक टँडम पॅराग्लायडर दरीत कोसळला. पुण्याहून आलेली एक पर्यटक तरुणी आणि तिला घेऊन उडणारा नेपाळी चालक असे दोघेही त्या अपघातात मरण पावले. हवेत असताना दोरी तुटल्याची माहिती त्या वेळच्या वृत्तांत आली होती. परवाना नसताना हा व्यवसाय चालवल्याच्या आरोपावरून मालकावर गुन्हाही नोंदवला गेला. अशा घटनेनंतर चर्चा परवान्याभोवती फिरते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु परवाना कागदावर असतो. माणूस लटकतो तो दोरी, पट्टा आणि बकल यांच्या आधाराने. ही साधने कोणी, केव्हा आणि कशी तपासायची असतात, याची माहिती उडणाऱ्या पर्यटकाला क्वचितच दिली जाते.

टँडम म्हणजे एकाच पंखाखाली दोघांचे उड्डाण. प्रवासी पुढे बसतो आणि चालक त्याच्या मागे. (गोव्यात ‘पायलट’ म्हटले की मोटारसायकलवाला डोळ्यांपुढे येतो, म्हणून येथे ‘चालक’ हाच शब्द योजला आहे.) एकट्याच्या पंखाचे क्षेत्रफळ साधारण २५ चौरस मीटर असते, तर टँडमचे ४० च्या आसपास. पंखाला कोणताही सांगाडा नसतो. पुढच्या कडेवरील तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि त्या दाबानेच कापडाला पंखाचा आकार येतो. पंखापासून निघालेल्या दोऱ्या खाली रायझर नावाच्या पट्ट्यांना मिळतात. रायझर आणि दोघांचे हार्नेस यांच्यामध्ये स्प्रेडर हा दुवा असतो. यातील प्रत्येक जोड कॅराबिनरने, म्हणजे कुलूपबंद कडीने, बांधलेला असतो. थोडक्यात ही एक साखळी आहे आणि तिची ताकद सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते.

पंखाच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठीवर त्याचा आकार, वजनाची किमान व कमाल मर्यादा आणि चाचणीचा उल्लेख असतो. युरोपीय मानक ईएन ९२६ नुसार पंखाच्या बांधणीला कमाल वजनाच्या आठपट भार सोसावा लागतो. २२० किलोंची मर्यादा असलेला टँडम पंख म्हणजे १,७६० किलोंच्या भाराला टिकलेला नमुना. हा आकडा ऐकून निर्धास्त होण्याचे मात्र कारण नाही, कारण चाचणी नव्या पंखाची झालेली असते. ऊन, वाळू आणि वापर यांनी त्या ताकदीतून किती खर्ची पडली, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी किंवा १०० ते १५० तासांच्या उड्डाणानंतर, यांतील जे आधी घडेल तेव्हा, पंखाची कार्यशाळेत तपासणी करून घ्यायला सांगतात. हौशी माणसाला दोन वर्षांची मुदत आधी गाठते. व्यावसायिकाचा हिशेब निराळा. दिवसाला दहा उड्डाणे आणि प्रत्येक उड्डाण दहा मिनिटांचे धरले, तर रोज १०० मिनिटे होतात. म्हणजे ६० दिवसांत १०० तास पुरे. नोव्हेंबरला सुरू झालेला हंगाम मार्चपर्यंत नेटाने चालला, तर तपासणीची वेळ हंगामाच्या मध्यावरच, ऐन गर्दीच्या दिवसांत येते. शिवाय दोन उड्डाणांमधला वेळ पंख पठारावर उन्हात पसरलेला असतो, तो या तासांत धरलेला नाही. ‘ग्लायडर गेल्याच वर्षी घेतला आहे’ हे उत्तर म्हणून फारसे काही सांगत नाही. प्रश्न विचारायचा तो तासांचा.

कार्यशाळेत मुख्यतः कापड आणि दोऱ्या तपासल्या जातात. कापडातून ठरावीक हवा आरपार जायला किती सेकंद लागतात, हे उपकरणाने मोजतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. अगदी जीर्ण झालेल्या कापडाला दहावीस सेकंदही पुरतात. असा पंख जमिनीवर फुगवतानाच जड वाटतो आणि हवेत त्याचा वेग अचानक मोडण्याची शक्यता वाढते. दोऱ्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. काही दोऱ्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या असतात. अरामिड धाग्याची दोरी वारंवार दुमडल्याने आणि उन्हाने आतल्या आत कमजोर होते, पण वरचे आवरण शाबूत असल्याने ती धडधाकट दिसते. डायनिमाची दोरी दुमडण्याला दाद देत नाही, मात्र कालांतराने आखडते. मागच्या दोऱ्यांवर भार कमी असल्याने त्या पुढच्यांपेक्षा अधिक आखडतात, पंखाची मागची कड खाली ओढली जाते आणि सगळा पंख हळू उडू लागतो. म्हणून कार्यशाळेत प्रत्येक दोरीची लांबी मोजतात आणि नमुन्यादाखल एखादी दोरी तुटेपर्यंत ताणून पाहतात. हे काम पठारावर, डोळ्यांनी होण्यासारखे नाही.

किनारपट्टीवर झीज लवकर होते. खाऱ्या पाण्यात पंख पडला आणि तसाच वाळला, तर मिठाचे कण कापडात व दोऱ्यांत राहून काचेसारखे घासतात. असा पंख गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा लागतो. कोकण-गोव्याच्या सड्यांवर जांभ्याचा खडबडीत दगड आणि करवंदीची जाळी असते. पंख उचलताना एक दोरी त्यात अडकली, तरी चालक पुढे धावत असतो आणि सगळा हिसका त्या एका दोरीवर येतो. त्यातच पावसाळ्याचे चार महिने सामान दमट खोलीत पडून राहते. ऑक्टोबरात पिशवी उघडून थेट पठार गाठणे, हा या व्यवसायातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याचा आरंभ होय.

रोजच्या तपासणीला मात्र कोणत्याही उपकरणाची गरज नसते. डोळे, बोटे आणि वेळ पुरे. सकाळी पंख पूर्ण पसरून वरची व खालची बाजू पाहायची, शिवणी आणि दोऱ्यांचे टाके चाचपायचे. दोऱ्या रायझरपासून पंखापर्यंत बोटांतून सरकवत न्यायच्या, कारण आवरणातली गाठ किंवा पोकळ जागा डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. रायझरला दोऱ्या जोडणाऱ्या छोट्या कड्यांचे पेच घट्ट आहेत का, ते पाहायचे. कॅराबिनरचे फाटक आपोआप मिटते का आणि कुलूप पूर्ण बसते का, हे दोनदा उघडझाप करून कळते. उघड्या फाटकाचा कॅराबिनर आपल्या ताकदीचा मोठा भाग गमावतो. वाळूचा एक कणही हे फाटक अर्धवट उघडे ठेवायला पुरेसा असतो, त्यामुळे समुद्रकाठी हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळता येत नाही. स्प्रेडरवर प्रवाशाच्या वजनानुसार जोडण्याच्या वेगवेगळ्या जागा असतात. सकाळच्या ९० किलोंच्या प्रवाशासाठी केलेली जोडणी दुपारच्या ५० किलोंच्या प्रवाशाला तशीच चालत नाही.

वजनाचा प्रश्न कमाल मर्यादेपुरताच नसतो. ७५ किलोंचा चालक, ९० किलोंचा प्रवासी आणि साधारण २५ किलोंचे सामान मिळून १९० किलो होतात आणि २२० च्या मर्यादेत सहज बसतात. परंतु हलका चालक लहान मुलाला घेऊन उडतो, तेव्हा एकूण वजन किमान मर्यादेच्या खाली जाऊ शकते. पुरेसा भार नसलेला पंख खळबळत्या हवेत लवकर मिटतो. वजन अंदाजाने न विचारता काट्यावर करावे, ते यासाठीच.

आता प्रवाशाच्या हार्नेसविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अपघातांचा एक ठळक प्रकार तुटण्याचा नसून न लावण्याचा आहे. हार्नेसला छातीचे बकल असते आणि दोन्ही मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांची वेगळी बकले असतात. मांड्यांचे पट्टे लावायचे राहिले, तरी जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून काही उणे जाणवत नाही. खांद्यांवर पट्टे असतात, छातीचे बकल मिटलेले असते. पाय जमिनीवरून सुटताक्षणी मात्र शरीर खाली सरकते, माणूस काखेत अडकलेल्या पट्ट्यांवर लोंबकळतो आणि त्याला आसनावर बसता येत नाही. मागचा चालक त्याला वर ओढून घेऊ शकत नाही. पंख सांभाळायला त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

हिमाचल प्रदेशात कुल्लूजवळच्या डोभी येथे डिसेंबर २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील एक तरुण पर्यटक टँडम उड्डाणात हवेतून खाली पडून मरण पावला. चालक सुखरूप उतरला. त्याच डोभीत फेब्रुवारी २०२४ मध्ये तेलंगणाची एक पर्यटक महिला अशीच पडली आणि सुरक्षापट्टा नीट न तपासल्याच्या आरोपावरून चालकाला अटक झाली. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली हँगग्लायडिंगच्या चालकाने प्रवाशाला ग्लायडरशी जोडलेच नव्हते. तो प्रवासी दोन मिनिटांहून अधिक काळ दांड्याला हातांनी लटकून राहिला आणि मनगट मोडून का होईना, वाचला. त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. तिथे दोरी तुटली नव्हती की कडी निसटली नव्हती. एक जोड राहून गेला होता, इतकेच.

अशी चूक अनुभवी माणसाच्या हातूनही होते, ती बहुधा खंड पडल्यामुळे. प्रवासी बकले लावून तयार होतो, तेवढ्यात वारा पडतो. दहा मिनिटे थांबायचे म्हणून तो मांड्यांचे पट्टे सैल करून बसतो, फोटो काढतो, पाणी पितो. वारा पुन्हा उठतो आणि घाई होते. चालकाच्या मनात मात्र ‘तपासून झाले आहे’ ही नोंद पक्की असते. म्हणून जाणते चालक एक नियम पाळतात : मध्ये काहीही घडले, तर तपासणी सोडल्या जागेपासून नव्हे, पहिल्या बकलापासून सुरू करायची. अलीकडच्या अनेक हार्नेसमध्ये मांड्यांचे पट्टे लावल्याखेरीज छातीचे बकल मिटतच नाही, अशी रचना असते. जुने हार्नेस टाकून असे घेणे हा खर्च आहे खरा. पण या धंद्यात याहून सार्थकी लागणारा दुसरा खर्च दाखवणे अवघड आहे.

राखीव पॅराशूट हा शेवटचा आधार. ईएन १२४९१ या मानकानुसार त्याखाली उतरण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा अधिक नसावा. साधारण दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यावर जमीन गाठताना जो वेग असतो, तो हा. टँडमसाठी दोघांचे वजन पेलणारे मोठे छत्र लागते आणि त्याची जोडणी दोघांना धरणाऱ्या मुख्य बिंदूला करतात. ते दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, उघडून हवेशीर ठेवून पुन्हा घडी घालावे लागते. कोकणातल्या दमटपणात घड्या एकमेकींना चिकटतात आणि दोऱ्या बांधणारी रबरे विटतात. घडी घातल्याची तारीख बरोबरच्या नोंदपत्रावर असते. रोज पाहायचे ते इतकेच की पिना जागेवर आहेत आणि ओढायची मूठ चालकाच्या हाताला लागेल अशी मोकळी आहे. कमी उंचीच्या पठारांवर मात्र छत्र उघडायला पुरेसा वेळ मिळतोच असे नाही. तेथे राखीव पॅराशूटच्या भरवशावर बाकीची तपासणी सैल सोडणे म्हणजे फसवणूकच.

साधने चोख असली, तरी वारा पाहिल्यावाचून ती उपयोगी नाहीत. चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयांपैकी अनेकांनी येळ्ळूरचा राजहंसगड पाहिलेला असेल. सिद्धेश्वराचे मंदिर आणि शिवरायांचा पुतळा असलेला हा गड सपाट शिवारात एकटाच उभा आहे, त्यामुळे वारा आणि जमीन यांचे नाते तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येते. पश्चिमेचा वारा असताना त्या बाजूच्या तटावर तो तोंडावर सरळ येतो. तोच तट ओलांडून आडोशाला गेले की वारा थांबल्यासारखा वाटतो, पण पाचोळा जागच्या जागी गरगरत असतो. ती शांतता नव्हे, भोवरा आहे, आणि पंख त्यात सापडला तर मिटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिके निघालेली येळ्ळूरची काळी शिवारे भर दुपारी तापतात आणि त्यांवरून गरम हवेचे लोट उठतात. एकट्या उडणाऱ्या तरबेज माणसाला ते हवे असतात. पहिल्यांदाच उडणाऱ्या प्रवाशाला घेऊन त्यांत शिरणे वेगळे.

केरीसारख्या किनाऱ्यावर वेळापत्रक निराळे असते. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पठाराच्या पश्चिम कडेवरून उडणाऱ्याच्या पाठीवर येतो. त्या वेळी उड्डाण नाही. दुपारनंतर समुद्राचा वारा स्थिरावतो, पण कडेवर येताना तो दाबला जाऊन वेग घेतो. ताशी २५ किलोमीटरच्या वर तो गेला, तर ग्लायडर पुढे न सरकता मागे ढकलला जाऊन कडेच्या पाठीमागच्या भोवऱ्यात पडू शकतो. म्हणूनच वारा दाखवणारी कापडी नळी नसलेल्या जागेवरून उडू नये.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. हिमाचलने त्याच वर्षी स्वतःचे नियम केले आणि तेथे १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणे बंद असतात. नियम असूनही डोभीत माणसे पडली, हेही खरे.

उड्डाणाच्या अगदी आधीची शेवटची फेरी अर्ध्या मिनिटाची असते आणि ती मोठ्याने बोलून करायची असते : दोघांची शिरस्त्राणे व हनुवटीचे पट्टे, प्रवाशाच्या मांड्या, छाती, चालकाच्या मांड्या, छाती, चारही कॅराबिनर, मोकळ्या दोऱ्या, उघडा पंख, वारा, समोरचे आकाश. प्रवाशाने त्या वेळी आपल्या मांड्यांवरचे पट्टे स्वतः ओढून पाहावेत. धावताना उडी मारू नये, मध्येच बसू नये, चालक सांगेपर्यंत पाय चालू ठेवावेत, हे त्याला आधीच सांगितलेले असले पाहिजे. वारा बदलला आणि चालकाने उड्डाण रद्द केले, तर पैसे परत मिळतील का, हेही आधी विचारून घ्यावे. कारण ज्या ठिकाणी रद्द उड्डाणाचा तोटा चालकाच्या रोजंदारीतून कापला जातो, तेथे उडायचे की नाही याचा निर्णय वारा पाहून होत नाही.

दिवसाचे शेवटचे उड्डाण उतरल्यावर पंख सावलीत झटकून वाळू काढतात, सैल घडी घालतात आणि त्या दिवसाची उड्डाणे, तास व आढळलेले दोष नोंदवहीत लिहितात. दुसऱ्या दिवशी त्याच पंखाखाली उडणारा चालक वेगळा असू शकतो. आदल्या दिवशी कोणती दोरी जांभ्यात अडकली होती, हे त्याला त्या वहीतूनच कळते.