पुटपुटणारी मुलं

रस्त्याने एकटाच बोलत जाणारा माणूस दिसला की पूर्वी लोक त्याला वेडा समजून बाजूला व्हायचे. आता कानात इअरफोन असला की तोच माणूस कामाचा ठरतो. वर्गात गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला मात्र अजूनही 'तोंड बंद' हेच ऐकावं लागतं.

बी.एड.ला आपण पियाजे आणि वायगॉट्स्की ही नावं परीक्षेपुरती पाठ करतो. या दोघांचा मतभेद नेमका या पुटपुटण्यावर होता. जिनिव्हाच्या ज्याँ पियाजेने १९२३च्या पुस्तकात त्याला 'आत्मकेंद्रित' बोलणं म्हटलं. वयाबरोबर ते विरून जातं, असं त्याचं मत. रशियात लेव वायगॉट्स्कीने मुलांना चित्र काढायला बसवलं आणि हवी ती रंगीत पेन्सिल मुद्दाम ठेवली नाही. अडचण येताच मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. त्याच्या मते हे बोलणं आत उतरतं आणि विचार बनतं. १९३४मध्ये, ३७व्या वर्षी तो क्षयाने गेला. पुस्तक त्याच वर्षी निघालं; पण १९३६नंतर सोव्हिएत राजवटीत त्याचं लिखाण दडपलं गेलं. इंग्रजी भाषांतराला १९६२ साल उजाडलं.

माझ्या वर्गातली मुलं उदाहरण मराठीत वाचतात, 'सात पंजे पैंतीस' असं घरच्या उर्दूत पुटपुटतात आणि उत्तर पुन्हा मराठीत लिहितात. दोन भाषांमधला त्यांचा पूल ओठांवरच असतो. शिस्तीच्या नावाखाली तो तोडू नका.