बापाचे पत्र

‘मास्तर, पोराला खुशाल बडवा!’ असे सांगणारे पालक मला पुष्कळ भेटले. ते ऐकले की मला ईस्टबोर्नचा टॉमस हॉप्ली आठवतो. तोही मास्तरच. १८६० साली या गृहस्थाने रेजिनाल्ड कॅन्सेलर नावाच्या मुलाला रात्री इतके मारले की पोर गेले. आणि वाचकहो, मारण्याची संमती बापाने पत्राने दिली होती! हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. ‘बेताचा’ मार मात्र कायदेशीरच राहिला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर मुलावरील लैंगिक अत्याचार ठाऊक असून गप्प बसणे हाही गुन्हा ठरवला. तेथे बापाचे पत्र चालत नाही. माझ्या वर्गात आता छडी नाही. पालक मात्र अजून तेच सांगून जातात.