घराघरांतून जाणारा निरोप



बिनतारी यंत्र म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. पण मुंबईत हे यंत्र घरात ठेवून सरकारला घाम फोडला तो एका बावीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या साथीदारांनी. ती उषा मेहता.

८ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. युद्धामुळे हौशी रेडिओचे परवाने बंद होते, म्हणजे यंत्र घरात असणं हाच गुन्हा. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची बातमी या रेडिओने लोकांपर्यंत नेली. पोलीस मागावर असल्याने बिऱ्हाड सतत हलत राही. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाबेन येरवड्याला गेल्या, त्या १९४६ ला सुटल्या.

या धाडसात दुबळी बाजू एकच होती. सगळे निरोप एका ठिकाणी यायचे आणि तिथूनच बाहेर जायचे. ते ठिकाण सापडलं, की आवाज बंद.

स्वातंत्र्यानंतर परवाना घेऊन हा छंद करणारे पुष्कळ झाले. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. भारती प्रसाद त्यांपैकीच. डिसेंबर २००४ मध्ये त्या छंदासाठी अंदमानात होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या यंत्रावरून मदतीचे निरोप जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपली भिवंडीही पाण्यात होती. हातात मोबाइल होते, पण फोन लागत नव्हते. टॉवर बंद, की त्यावरचे सगळे फोन मुके. १९४२ चीच अडचण पुन्हा समोर आली.

यावर हॅम मंडळींनी काढलेला उपाय म्हणजे ‘मेश’, म्हणजे जाळं. १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हौशींनी रेडिओवरून टाइप केलेला मजकूर तुकड्या-तुकड्यांनी पाठवून दाखवला. पुढे अमेरिकेतल्या हॅमनी साध्या वायफाय राउटरमध्ये वेगळी प्रणाली घालून घरं एकमेकांना जोडली. यात प्रत्येक घर स्वतःचा निरोप पाठवतं आणि शेजारच्याचाही पुढे नेतं. गल्लीतलं एक दार बंद असलं तर आपण दुसऱ्या घरावरून निरोप धाडतो ना, तसंच. इंटरनेट नसलं तरी जाळ्यातल्या जाळ्यात मजकूर आणि फोटो जातात.

सामान थोडंच लागतं: गच्चीवर राउटर, छोटा अँटेना आणि वीज गेल्यावर चालेल अशी बॅटरी. मात्र एका अँटेनाला दुसरा अँटेना दिसला पाहिजे. मधे उंच इमारत किंवा गोदाम आलं, तर तिसऱ्या घराची गच्ची मागावी लागते. म्हणजे यंत्राआधी शेजार जोडावा लागतो.

नियमही ऐका. हॅमचा परवाना केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळतो. बारा वर्षांच्या पुढची मुलगीही ती देऊ शकते. या रेडिओवर धंदा चालत नाही आणि निरोप सांकेतिक भाषेत लपवता येत नाही. म्हणून बचत गटाचे हिशेब त्यावर पाठवायचे नाहीत. ‘पाणी चढलंय, आजीला औषध हवंय’ हे मात्र जरूर पाठवायचं.

उषाबेनला यंत्र लपवावं लागलं. आपल्याला ते उघड्या गच्चीवर लावता येतं. बारावीनंतर घरी बसलेली एखादी हुशार पोर तुमच्या वस्तीत असेल, तर तिला या परीक्षेचं नक्की सांगा.