थकलेल्या पायांची वस्त्रे

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती एकोणिसाव्या शतकातच विलायतेच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. पुढे सेवाग्रामने याच जिल्ह्याला खादीचे क्षेत्र म्हणून नाव मिळवून दिले. कापडाने अंग झाकावे, थंडीवारा निवारावा, हे आपण सारेच जाणतो. परंतु व्यायामाने शिणलेल्या स्नायूंना आराम पडावा म्हणून मुद्दाम बेतलेले वस्त्र, ही कल्पना पुष्कळांना नवी वाटेल. पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारे तरुण आज पोटऱ्यांवर घट्ट मोजे आणि मांड्यांवर तंग विजारी चढवू लागले आहेत. घरची मिळकत कापसाच्या भावावर अवलंबून असता यावर पैसा खर्चावा काय, असा प्रश्न आईबापांना पडतो. त्याचा विचार करावयाचा तर या वस्त्राची कुळकथा पाहिली पाहिजे.

शरीरास कापडाने आवळून बांधण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात बंधांचे चौदा प्रकार सांगितले असून बांधण्याच्या तीन तऱ्हा दिल्या आहेत : गाढ, सम आणि शिथिल. मांडीसारख्या मांसल भागी गाढ, हातापायांस सम, डोळ्यांवर व सांध्यांवर शिथिल. गाढ म्हणजे करकचून नव्हे. दाब पडावा पण वेदना होऊ नये, अशी त्याची मर्यादा आहे. हे सारे जखमांसाठी होते, मल्लांसाठी नव्हे, हे खरे. तरी कोणत्या अवयवास किती दाब, हा या विषयातील मुख्य प्रश्न त्याने ओळखला होता.

आमच्या आखाड्यांनी मात्र वस्त्रावर फारशी भिस्त ठेवली नाही. लंगोट कसावयाचा तो कुस्तीपुरता. शीण घालवण्याचे काम तेलाचे, मालिशीचे, हौद्यातील तांबड्या मातीचे आणि दुधातुपाच्या खुराकाचे. शेजारच्या अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीस कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. ही पिढी अशाच तालमींतून घडली.

पायांस गुंडाळण्याची पट्टी जगभर गेली ती लष्करामार्फत. इंग्रजीत रूढ झालेला ‘पटी’ हा शब्द आपल्या ‘पट्टी’चाच अवतार. हिंदुस्थानातील फौजेत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ही पट्टी गुंडाळीत. पहिल्या महायुद्धात ती अनेक देशांच्या सैनिकांच्या पायांवर दिसली. चालताना तिचा आधार वाटे. पण ओल्या खंदकांत घट्ट आवळलेल्या पट्ट्यांनी रक्त अडून पाय बिघडतात, हा धडाही त्याच युद्धाने दिला.

यामागील शास्त्र असे. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले आणि शिरांतील पडद्यांचे कार्य उलगडले. पोटरीचा स्नायू आकुंचन पावला की रक्त वर ढकलले जाते. पडदे ते खाली येऊ देत नाहीत. बाहेरून बेताचा दाब दिल्यास या कामास साहाय्य होते. अमेरिकेतील इंजिनिअर कॉनराड जॉब्स्ट यांना पायांच्या शिरांचा विकार होता. पोहण्याच्या हौदात उभे राहिले की त्यांना आराम वाटे, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. त्यावरून १९५० च्या सुमारास त्यांनी घोट्यापाशी अधिक व वर कमी दाब देणारे मोजे तयार केले. १९५८ साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शायव्हर्स यांनी ताणून पुन्हा आखडणारा धागा सिद्ध केला. सुताला जे साधत नव्हते ते या धाग्याने साधले, आणि रुग्णाचे वस्त्र पुढे खेळाडूच्या अंगावर आले.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते ते कशाने? १९०२ साली थिओडोर हफ यांनी स्नायूंच्या तंतूंत होणाऱ्या सूक्ष्म इजेकडे बोट दाखवले होते. तंग वस्त्रांनी हे दुखणे थोडे कमी होते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. परंतु ताकद किंवा वेग लवकर परततो काय, याविषयी निष्कर्ष सारखे नाहीत. शिवाय आपण कोणते वस्त्र घातले आहे हे खेळाडूस ठाऊक असते, त्यामुळे विश्वासाचा वाटा वेगळा काढणे कठीण.

याच जिल्ह्यातून ८ मार्च १९५१ रोजी विनोबा सेवाग्रामहून शिवरामपल्लीस पायी निघाले. तेलंगणात भूदानाचा उगम झाला आणि पुढची पदयात्रा संपवून ते पवनारास परतले ते १९६४ साली. इतकी वर्षे ते पाय चालले, त्यास कोणतेही खास वस्त्र नव्हते. रोजची ठरलेली मजल आणि ठरलेली विश्रांती होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. ऐपत असेल त्याने असे वस्त्र जरूर वापरावे. मात्र मापाचे घ्यावे, एक आकडा लहान घेऊ नये, आणि पायास मुंग्या आल्या वा बधिरपणा वाटला तर लगेच काढावे. ज्याची ऐपत नाही त्याने आपण मागे पडलो असे मानू नये. सोळाशे मीटर धावणाऱ्या मुलाला आधी पोटभर जेवण, पुरी झोप आणि आठवड्यातून एक दिवस विसावा द्यावा. मोज्यांचा हिशेब त्यानंतर करावा.