बालानगरच्या शेडमधले तीन फेज

हैदराबादच्या उद्योगांचा इतिहास बहुतेक वेळा मोठ्या नावांनी सांगितला जातो. 1942 सालचे ऑल्विन, 1943 सालचे प्रागा टूल्स, मग एचएमटी, भेल. पण बालानगर, सनतनगर, जीडीमेटला भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग आणि एक ड्रिल एवढ्या भांडवलावर ज्यांनी धंदा उभा केला, त्यांच्या इतिहासाची सुरुवात खांबावरून शेडमध्ये उतरलेल्या थ्री फेज लाइनपासून करायला हवी. ती लाइन नसती, तर यातले बरेच धंदे सुरूच झाले नसते.

त्याआधीच्या वर्कशॉपमध्ये छताशी एक लांब शाफ्ट असायचा. त्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली आलेले चामड्याचे पट्टे आणि टोकाला ऑइल इंजिन. एका छोट्या ड्रिलचे काम असले तरी अख्खा शाफ्ट फिरवावा लागे. पट्टा निसटला की काम थांबे, आणि फिरत्या पट्ट्यात हात किंवा धोतर अडकण्याची भीती कायमच. यंत्र कुठे ठेवायचे हेसुद्धा शाफ्ट ठरवी. अशा व्यवस्थेत एकेक यंत्र वाढवत मोठे होणे कठीणच होते.

हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी 1920 मध्ये औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्याची क्षमता पुढे साडेबावीस मेगावॅटपर्यंत गेली. आज एखादा मोठा कारखाना एकटाच एवढी वीज खाईल, पण त्या काळी एका संस्थानी राजधानीसाठी ही लहान गोष्ट नव्हती. तीन फेजचे तंत्रही तेव्हा फार जुने नव्हते. जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर वीज नेऊन दाखवली गेली ती 1891 मध्ये, आणि 1902 मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. हुसेनसागरचे ते केंद्र आता नाही. ते पाडले गेले आणि त्या परिसरात आज लोक फिरायला आणि सिनेमा पाहायला जातात. त्याची एखादी चिमणी तरी शहराने आठवण म्हणून राखायला हवी होती.

छोट्या कारखानदाराला तीन फेजच का लागतात? घरातल्या पंख्याला एक फेज पुरतो, कारण त्याच्या मोटरीला फिरायला लावण्याचे काम शेजारचा कपॅसिटर करतो. तीन-पाच अश्वशक्तीच्या पुढे हा उपाय महाग आणि अडचणीचा होत जातो. तीन फेजच्या मोटरीत मात्र चुंबकीय क्षेत्र स्वतःच फिरत असते, त्यामुळे रोटर बाहेरच्या मदतीशिवाय सुटतो. या मोटरीला ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही. बेअरिंगला ग्रीस आणि जाळीवरची धूळ झटकणे एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि छतावरचा शाफ्ट गेला.

मराठी वाचकाला यातले एक नाव घरचे वाटेल. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या घराण्याने 1941 मध्ये हरिहरला यंत्रांचा कारखाना काढला आणि 1946 मध्ये बेंगळुरूला विजेच्या मोटरींचा. हरिहरचा लेथ आणि बेंगळुरूची मोटर ही जोडी दख्खनभरच्या वर्कशॉपमध्ये ओळखीची झाली.

नव्या यंत्राची पहिली चाचणी पाहण्यासारखी असते. वायरमन तिन्ही फेज स्टार्टरला जोडतो, हिरवे बटण क्षणभर दाबून सोडतो आणि सगळ्यांचे डोळे जॉब धरणाऱ्या चकवर खिळतात. चक उलटा फिरला तर मेन स्विच पाडायचा, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, की मोटर सरळ फिरते. हे दुर्लक्षून चालत नाही. जुन्या लेथवर आट्यांनी बसवलेला चक उलट्या फेऱ्यात सैल होऊन निघू शकतो.

खरा शत्रू असतो तो गेलेला फेज. खांबावरचा एक फ्यूज उडतो, शेडमधले दिवे कदाचित चालूच राहतात आणि चालती मोटर उरलेल्या दोन फेजवर घरघरत राहते. जास्तीचा करंट ओढून वाइंडिंग तापते, वॉर्निशचा जळका वास सुटतो, तोवर उशीर झालेला असतो. मग मोटर टेम्पोत घालून सिकंदराबादच्या राणीगंजकडे किंवा जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे. तो जळालेल्या कॉइलीचे वेढे मोजतो, तारेची जाडी गेजने तपासतो, खाचांत नवा इन्सुलेशन कागद घालतो आणि हाताने कॉइली बसवतो. त्याच्या वहीतल्या आकड्यांवर किती कारखान्यांची डिलिव्हरी अवलंबून असते, याची नोंद कुठल्याच औद्योगिक अहवालात नसते. हल्ली एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो. तो न बसवणे म्हणजे शेकड्यांची बचत करून हजारांचे नुकसान ओढवणे.

बालानगरला 1968 मध्ये केंद्रीय टूल डिझाइन संस्था आली आणि डाय-मोल्ड करणारी कुशल माणसे तयार होऊ लागली. 1970 मध्ये इथेच एमटार सुरू झाली. पूर्ण नावातच यंत्रांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी असलेली ही कंपनी पुढे इस्रोच्या द्रव इंधनाच्या इंजिनांचे भाग बनवू लागली. आजूबाजूच्या छोट्या शेडही संरक्षण आणि अवकाश क्षेत्राचे जॉब घेऊ लागल्या.

2012 मध्ये, अविभाजित आंध्र प्रदेशात, उद्योगांना आठवड्यातले काही दिवस वीज बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. मोठ्यांनी डिझेल जनरेटर लावले. पाच कामगारांच्या शेडला ते परवडण्यासारखे नव्हते. डिझेलच्या विजेवर केलेल्या जॉबचा दर काम देणारी पार्टी कधीच वाढवून देत नाही. तेलंगण झाल्यावर पुरवठा सुधारला. आता तक्रार आहे ती विजेच्या दर्जाची: संगणकाने चालणारे सीएनसी यंत्र चालू असताना व्होल्टेज खाली आले तरी मशीन थांबते, टूल जॉबमध्येच राहते आणि कधी अख्खा तुकडा भंगारात जातो. म्हणून यंत्राशेजारी सर्वो स्टॅबिलायझर हवाच.

आणि ज्या गल्लीत थ्री फेज कनेक्शन मिळायला वेळ लागतो, तिथे आता व्हीएफडी ड्राइव्ह वापरतात. एका फेजची वीज घेऊन ती आधी डीसी आणि मग तीन फेज करणारी ही छोटी पेटी दोन-तीन अश्वशक्तीची मोटर व्यवस्थित चालवते. जुना, सेकंडहँड घेतलेला लेथ घराच्या मागच्या खोलीतही सुरू होतो.